दोष फोटोचा, काचेचा की संगणकाचा?

शाळांचे नवे वर्ष सुरू झाले की आपल्या घरांतील कपाटांवरच्या पेट्या खाली उतरू लागतात. इस्राएलमधील पुष्कळ शाळांत सातवीच्या विद्यार्थ्यांना ‘आवोदात शोराशीम’, म्हणजे आपल्या कुळाची मुळे शोधण्याचे काम, दिलेले असते. नातवंडे आजी-आजोबांसमोर येऊन बसतात, मुंबई-पुणे-अलिबागचे जुने फोटो मागतात आणि ते घरच्या संगणकात उतरविण्याचा उद्योग सुरू होतो. येथवर सर्व ठीक असते. परंतु पुढे यंत्र हटून बसते आणि मग या सदराकडे पत्रे येतात. दिमोनाहून एका भगिनींनी लिहिले आहे की, त्यांच्या आईच्या लग्नाच्या फोटोवर प्रत्येक वेळी एक हिरवी रेघ उमटते. लोद येथील एका बंधूंचे यंत्र कागद उत्तम छापते, पण स्कॅन करावयास सांगितले की ‘यंत्र सापडत नाही’ असे उत्तर देते. अश्दोदच्या एका आजीबाईंची तक्रार अशी की, अल्बममधील चेहरे डोळ्यांना स्वच्छ दिसतात, पण पडद्यावर ते धुक्यात उभे असल्यासारखे येतात. या सर्वांस निरनिराळी उत्तरे धाडण्याऐवजी विषयाचा एकत्र विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. स्कॅन बिघडले की आपण एकाच वेळी दहा गोष्टी बदलून पाहतो. केबल काढतो, संगणक बंद करतो, काच पुसतो, कार्यक्रम पुसून पुन्हा भरतो. आणि एवढे करून काम सुरू झालेच, तरी नेमके कशाने झाले हे कळत नाही. यालाच आपल्या भाषेत साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात. वर्गात मुलाचे गणित चुकले, तर जाणता शिक्षक संपूर्ण गणित खोडीत नाही. कोणत्या पायरीवर चुकले ते पाहतो. येथेही तोच मार्ग हिताचा. पायऱ्या तीनच आहेत: फोटो, स्कॅनर आणि संगणक. दोष कोणत्या पायरीवर आहे हे आधी ठरवावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिली परीक्षा

स्कॅनरच्या काचेखाली एक दांडी असते. तिच्यावर दिवा आणि प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म कणांची एक लांब रांग असते. दांडी काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते आणि फोटोची एकेक ओळ टिपीत जाते. एवढे ध्यानात आले की पुढील परीक्षा आपोआप सुचते. सदोष स्कॅन झाल्यावर फोटो काचेवर काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन करावा. डाग किंवा रेघ फोटोबरोबर फिरली, तर दोष फोटोत आहे. फोटो फिरला आणि रेघ जागच्या जागी राहिली, तर दोष स्कॅनरचा आहे. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा न करता पुष्कळ लोक नवे यंत्र विकत आणतात.

दिमोनाच्या भगिनींची हिरवी रेघ दांडी जाते त्या दिशेने काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जात असल्यास ती धुळीची करणी समजावी. प्रत्येक स्कॅनपूर्वी दांडी आपल्या टोकाशी असलेल्या एका पांढऱ्या पट्टीकडे पाहून ‘पांढरे म्हणजे काय’ हे ठरविते. त्या पट्टीच्या जागी काचेवर धुळीचा कण असेल, तर तेवढ्या बिंदूचा हिशेब चुकतो आणि ती चूक पूर्ण फोटोभर ओढली जाते. ज्या यंत्रात कागद वरून आपोआप आत ओढले जातात, त्यात मुख्य काचेशेजारी काचेची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावरचा कणही अशीच रेघ काढतो. आपल्याकडे हमसीन वाहून गेला की बंद कपाटातसुद्धा बारीक माती सापडते, मग यंत्रात का सापडू नये? चष्मा पुसण्याचे मऊ, धागे न सुटणारे कापड किंचित ओले करून काच कडांपर्यंत पुसावी. द्रव कापडावर घ्यावा, काचेवर कधीही फवारू नये. तो कडेने आत उतरला की काचेच्या आतील बाजूस जे डाग पडतात, ते घरी निघत नाहीत. पुसून रेघ गेली नाही, तर मात्र टिपणारा कणच निकामी झालेला असण्याचा संभव आहे.

एक सूचना जुन्या यंत्रांविषयी. पेटीसारखा जाड स्कॅनर माळ्यावरून काढला आणि तो सुरू होताच करकरू लागला, तर लगेच बंद करावा. अशा पुष्कळ यंत्रांच्या तळाशी किंवा बाजूस प्रवासात दांडी हलू नये म्हणून कुलूप असते. ते उघडावयाचे राहिलेले असते.

अंधुक चेहरे

अश्दोदच्या आजीबाईंचा प्रश्न निराळ्या जातीचा आहे. स्कॅनर दोन प्रकारचे असतात. जुन्या जाड यंत्रांत आरसे व भिंग असते आणि फोटो काचेपासून थोडा वर असला तरी ते त्यास स्वच्छ पाहू शकतात. आजची पातळ यंत्रे, तसेच छापणे, नक्कल काढणे व स्कॅन करणे अशी तिन्ही कामे करणारी बहुतेक घरगुती यंत्रे, यांत टिपणारी रांग काचेला जवळजवळ चिकटून धावते. अशा यंत्रांना अगदी जवळचेच दिसते. फोटो दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला असला, तरी चेहरा अंधुक येतो. अल्बमचे जाड पान, फोटोचे कोपरे धरणाऱ्या त्रिकोणी खाचा, वर्षानुवर्षे गुंडाळून राहिल्याने आलेला बाक, यांमुळे नेमके हेच होते. यंत्र बिघडलेले नसते; त्याची दृष्टी आखूड असते, इतकेच.

उपाय असा की, फोटो खाचांतून सुटत असेल तर सोडवून सपाट ठेवावा आणि झाकणाखाली त्यावर एखादे हलके पुस्तक ठेवावे. परंतु जुने, जाड पुठ्ठ्यावर डकविलेले फोटो दाबू नयेत; पुठ्ठा ठिसूळ झालेला असतो आणि तो मोडतो तो बहुधा चेहऱ्यावरूनच. १९७० नंतर घरोघरी आलेल्या चिकट पानांच्या अल्बममधील फोटो ओढून काढू नयेत. दात साफ करण्याचा मेण नसलेला धागा फोटोच्या मागून हळूहळू सरकविल्यास तो पुष्कळदा सुटतो. न सुटल्यास संपूर्ण पानच स्कॅन करावे. चौकटीत काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नये. त्याचा दिवसाउजेडी, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या मंद प्रकाशात, दिव्याचे प्रतिबिंब टाळून मोबाइलने काढलेला फोटो स्कॅनपेक्षा चांगला ठरतो.

काचेहून मोठे असे समूहचित्र, म्हणजे शाळेचे, पलटणीचे किंवा मशिदीच्या कमिटीचे, तुकड्यातुकड्यांनी घ्यावे. लगतच्या दोन तुकड्यांत सुमारे एक-तृतीयांश भाग सामाईक ठेवावा आणि उजेड आपोआप जुळविण्याची सोय बंद ठेवावी. नाहीतर प्रत्येक तुकड्याची छटा निराळी येते आणि ते एकत्र सांधले की जोड दिसतात.

फोटोचे स्वतःचे दुखणे

काही दोष यंत्राने केलेले नसतात. यंत्र ते फक्त दाखविते. जुन्या कृष्णधवल फोटोंत काळ्या भागांवर निळसर चंदेरी झाक येते. फोटोतील चांदी दमट हवेत वर येऊन पृष्ठभागावर साचल्याचे ते चिन्ह होय. पांढऱ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंचे डाग बहुधा बुरशीचे असतात. कोकणातील पावसाळे पाहिलेल्या फोटोंवर आणि निगेटिव्हवर ती असावयाचीच. हे डाग घरी ओल्या कापडाने पुसू नयेत, कारण त्यांच्याबरोबर चित्रही निघून येते. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत स्कॅनच्या सोयीने घ्यावा. डाग, शाई, निळी झाक यांचे रंग निराळे टिपले गेले, म्हणजे पुढे जाणत्या माणसास ते चित्रापासून वेगळे करता येतात.

१९७० च्या सुमाराचे रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात. त्या काळच्या फोटोतील तीन रंगांपैकी निळा-हिरवा रंग अंधारात ठेवूनही लवकर विरतो आणि लाल मागे उरतो. बहुतेक स्कॅनरांच्या कार्यक्रमांत ‘रंग पूर्ववत करा’ अशी सोय असते आणि ती येथे खरोखर उपयोगी पडते. त्याच काळातील काही फोटोंचा कागद रेशमासारख्या बारीक नक्षीचा असे. त्यावर दिव्याचा प्रकाश चमकून पडदाभर ठिपके येतात. तो फोटो एकदा सुलटा व एकदा उलटा ठेवून पाहावा आणि ज्या स्कॅनमध्ये ठिपके कमी, तो ठेवावा. अगदी गुळगुळीत फोटो काचेला चिकटून इंद्रधनुष्यासारखी वलये उमटली, तर झाकणाचा दाब कमी करावा.

वर्तमानपत्राच्या कात्रणांचे दुखणे आणखी वेगळे. आपल्या समाजाने समान हक्कांसाठी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेम येथे धरणे धरले होते; त्याची कात्रणे काही घरांत जपलेली असतील. छापील चित्र मुळात बारीक ठिपक्यांनी बनलेले असते. स्कॅनरच्या ओळी आणि ते ठिपके एकमेकांत अडकून पडद्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. यासाठी ‘डीस्क्रीन’ नावाची सोय असते, ती चालू करावी. नेहमीच्या फोटोंसाठी मात्र ती बंदच ठेवावी, कारण ती चित्र किंचित मऊ करते.

कात्रणामागचा मजकूर आरपार दिसत असेल, तर मागे काळा कागद ठेवावा. एका वेळी चार-पाच फोटो काचेवर ठेवून यंत्राकडून ते आपोआप वेगळे करून घेतानाही काळ्या कागदाचा उपयोग होतो. पांढऱ्या किनारीचे फोटो पांढऱ्या झाकणाखाली यंत्राला ओळखू येत नाहीत आणि ते किनार किंवा तिच्यावर छापलेला महिना कापून टाकते. दोन फोटोंमध्ये सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडावी.

संगणक ऐकत नाही तेव्हा

आता लोदच्या बंधूंचा प्रश्न. यंत्र छापते, पण स्कॅन करीत नाही. याचा अर्थ वीज आणि जोडणी बहुतांशी ठीक आहे. छापणे आणि स्कॅन करणे यांसाठी संगणकात दोन स्वतंत्र दुभाषी लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. यंत्र जोडताच विंडोज पुष्कळदा छापण्याचा दुभाषी स्वतः बसविते, स्कॅनचा मात्र राहून जातो. यंत्र बनविणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या यंत्राच्या नेमक्या क्रमांकाचा संपूर्ण कार्यक्रम उतरवून बसवावा. तरीही सापडत नसल्यास विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ ही सेवा चालू आहे ना, हे पाहावे.

यंत्र छापत नाही आणि स्कॅनही करीत नाही, अशा वेळी मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा होऊ देऊ नये. केबल थेट संगणकात लावावी, मध्ये अनेक तोंडांची जोडपट्टी नको. दुसरी केबल लावून पाहावी, कारण काही केबल केवळ वीज वाहतात, माहिती वाहत नाहीत. बिनतारी यंत्र असेल, तर ते आणि संगणक एकाच वायफायवर आहेत का ते पाहावे. पाहुण्यांसाठी वेगळे केलेल्या जाळ्यावरून घरचे यंत्र बहुधा दिसत नाही. काही यंत्रे शाई संपली की स्कॅनही नाकारतात, हेही ध्यानात असू द्यावे.

जुना स्कॅनर नव्या संगणकावर चालत नाही, ही तक्रार यापुढे वाढणार आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक घरांत विंडोज ११ असलेले नवे संगणक आले. विंडोज ११ केवळ ६४ बिटांचे आहे. ३२ बिटांच्या काळातील ड्रायव्हर त्यावर बसत नाहीत. ॲपलच्या संगणकांवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे कार्यक्रम चालेनासे झाले. येथे स्कॅनर मेलेला नसतो, त्याची भाषा जाणणारा दुभाषी गेलेला असतो. १९९८ पासून उपलब्ध असलेला ‘व्ह्यूस्कॅन’ हा विकत मिळणारा कार्यक्रम हजारो जुन्या यंत्रांची भाषा जाणतो. पैसे देण्यापूर्वी त्याची विनामूल्य चाचणी घेता येते. ड्रायव्हर ठीक असून कंपनीचा कार्यक्रमच अडत असेल, तर ‘नॅप्स-टू’ हा मोफत कार्यक्रम पुरेसा होतो. ॲपलवर ‘इमेज कॅप्चर’ संगणकातच दिलेला असतो.

आपल्या देशातील एक खास अडचण आहे. संगणकावरील वापरकर्त्याचे नाव इब्री अक्षरांत लिहिलेले असले, की ‘चित्रे’ या फोल्डरच्या मार्गातही ती अक्षरे येतात. काही जुन्या स्कॅन कार्यक्रमांना ती वाचता येत नाहीत. स्कॅन पूर्ण होते, पण जतन करताना चूक दाखविली जाते आणि घरचे लोक स्कॅनरला दोष देतात. सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत नाव असलेले एक नवे फोल्डर करून तेथे जतन करावे, म्हणजे अडचण दूर होते.

संगणक मध्येच गोठतो, याचे कारण बहुधा अंकगणितात असते. स्कॅनची बारकाई एका इंचातील बिंदूंनी, म्हणजे डीपीआयने मोजतात. १० × १५ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ४ × ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने घेतल्यास १२०० × १८०० बिंदू मिळतात. ६०० ने घेतल्यास २४०० × ३६०० मिळतात आणि न दाबलेली रंगीत फाइल सुमारे २६ मेगाबाइट होते. आता कोणी फोटो लहान असूनही ए-४ आकाराची संपूर्ण काच १२०० डीपीआयने निवडली, तर तीच फाइल सुमारे ४१८ मेगाबाइट होते. संगणक बिचारा तरी काय करील? आधी पूर्वदर्शन घ्यावे, फोटोपुरतीच चौकट आखावी, मग स्कॅन करावे. साधारण फोटोस ६०० डीपीआय पुरे. पूर्वीच्या बॉक्स कॅमेऱ्याचे किंवा एका रोलवर १२ फोटो देणाऱ्या ॲग्फा क्लिक थ्रीचे ६ सेंटिमीटर चौरस फोटो मात्र १२०० ने घ्यावेत. ३०० ने घेतल्यास एका बाजूस जेमतेम ७०० बिंदू येतात, १२०० ने सुमारे २८०० येतात. आणि नखाएवढ्या चेहऱ्यात आजीचे डोळे दिसावयाचे, तर हा फरक मोठा आहे. याहून मोठे आकडे जाहिरातीत असतात, परंतु कागदावर जे नाही ते यंत्र कोठून आणणार?

मूळ प्रत शक्यतो टिफ स्वरूपात ठेवावी. जेपेग लहान असते, परंतु ते प्रत्येक वेळी बदलून जतन केले की थोडे झिजते. ‘धूळ काढा’, ‘सुंदर करा’ अशी स्वयंचलित बटणे पहिल्या स्कॅनच्या वेळी बंद ठेवावीत. धूळ समजून यंत्र साडीच्या काठावरील बुट्टेही पुसून टाकू शकते आणि गेलेला बुट्टा परत येत नाही. सुधारणा करावयाची ती नकलेवर करावी.

फोटोची पाठ

येथपर्यंतचे सर्व दोष दूर होण्यासारखे आहेत. एक दोष मात्र असा आहे की, तो कोणत्याही स्कॅनरच्या पुस्तिकेत लिहिलेला नसतो आणि वेळ गेल्यावर त्यास उपाय नाही. स्कॅन स्वच्छ आहे, रंग उत्तम आहेत, पण चित्रातले लोक कोण हे सांगणारे कोणीच उरलेले नाही, असा तो दोष. सातवीतील मुलांच्या वह्यांत आम्ही हे वारंवार पाहतो. सुरेख फोटो डकविलेला असतो आणि खाली इब्रीत लिहिलेले असते: ‘भारतातील माझे नातेवाईक’. त्या नातेवाइकांना नावे होती, गावे होती, धंदे होते. ती माहिती पुष्कळदा फोटोच्या पाठीवर लिहिलेलीही होती. पण यंत्रात गेले ते केवळ तोंड. पाठ तशीच पेटीत राहिली.

यास्तव आमचे सांगणे असे की, प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, निगेटिव्हचा क्रमांक असतो, तारीख असते, मराठीत आणि क्वचित मोडीत लिहिलेला मजकूर असतो. शाई फिकट झाली असली, तरी रंगीत स्कॅनमध्ये उजेड कमी-जास्त करून ती पुष्कळदा वाचता येते.

मजकूर मराठी आहे आणि नातवंडांना मराठी वाचता येत नाही. ती तो मोबाइलवर भाषांतर करून घेतात. येथे सावध राहावे लागते. आपले वाडवडील सिनेगॉगला मशीद म्हणत. ‘मशिदीसमोर, लग्नानंतर’ असे आजोबांनी पाठीवर लिहिले असेल, तर भाषांतर करणारे यंत्र त्या जागी मुसलमानांची मशीद आणून ठेवील. यंत्राचे व्याकरण बरोबर असेल; अर्थ सर्वस्वी चुकेल. चूक दाखविणारे मराठी जाणते माणूस घरात नसेल, तर ती शाळेच्या वहीत तशीच कायम होईल.

नावांचेही तसेच. मुंबईचे शाआर हारहामीम १७९६ मध्ये ज्यांनी उभारले, ते सॅम्युएल एझिकेल दिवेकर लोकांत समाजी हसाजी या नावाने ओळखले जात. आपल्या प्रत्येक घराण्यात असे झालेले आहे. पाठीवर एक नाव, शाळेच्या दाखल्यात दुसरे, इस्राएलच्या ओळखपत्रावर तिसरे, आणि गावावरून पडलेले आडनाव येथे आल्यावर कित्येकांनी सोडूनच दिले. शमुएल नावाने शोधणाऱ्या पणतवाला समाजी हाच आपला पणजा हे कसे उमजावे? म्हणून टिपणात सर्व नावे लिहावीत. ‘नाना’, ‘मोठी काकी’ एवढेच लिहून थांबू नये. नाना कोणाचे, काकी कोणाची, हे स्पष्ट लिहावे. समूहचित्र असल्यास कागदावर त्याची एक नक्कल छापून प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक घालावा आणि खाली यादी करावी. मूळ फोटोवर बॉलपेनने काहीही लिहू नये. दाबाचा वळ पुढच्या बाजूस उमटतो.

फाइलला नाव देताना प्रथम वर्ष चार आकड्यांत, नंतर गाव, नंतर प्रसंग, असा क्रम ठेवावा, उदाहरणार्थ, ‘१९६८-अलिबाग-लग्न-०१’. पाठीच्या स्कॅनला तेच नाव देऊन पुढे ‘पाठ’ लिहावे. हे इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत केलेले बरे. इब्री अक्षरे उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे जात असल्याने दोन्ही मिसळल्यास पडद्यावर नावाचे तुकडे उलटसुलट दिसतात. सविस्तर माहिती मराठीत आणि इब्रीत एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठविताना तो लहान होतो आणि आत लिहिलेले टिपणही गळून पडते. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. सर्व फोल्डरच्या निदान तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी, मुलाकडे किंवा मुलीकडे, असावी.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो तेल अवीव येथे १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ये ४० वर्षे गेली, तरी ग्रंथ बोलू शकला, कारण त्यात नावे आणि शब्द होते. शब्द नसलेला फोटो ४० वर्षांनंतर काय बोलेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

कामाची वाटणी सोपी आहे. यंत्र नातवंडांनी सांभाळावे, पाठ वडीलधाऱ्यांनी वाचावी. ज्या घरी सर्वांत वयस्क मनुष्य सर्वांत थकलेले आहे, तेथे स्कॅनर दुरुस्त होईपर्यंतसुद्धा थांबू नये. फोटो समोर धरावा, नावे विचारावीत आणि लिहून घ्यावीत. स्कॅन पुढच्या महिन्यात झाले तरी चालेल. शब्बाथच्या दिवशी लेखन वर्ज्य, परंतु जेवणानंतर अल्बम पाहण्यास व विचारण्यास आडकाठी नाही. जे ऐकले ते हावदाला झाल्यावर वहीत उतरवावे.

कोणाच्या फोटोच्या पाठीवरील मराठी किंवा मोडी मजकूर लागत नसेल, तर त्यांनी दोन्ही बाजूंचे स्कॅन या सदराकडे पाठवावेत. वाचता येईल तेवढे आम्ही वाचून कळवू. आणि जे आम्हांस लागणार नाही, ते मालकांच्या परवानगीने पुढील अंकांत छापू. कोणा ना कोणा वाचकास तो चेहरा ओळखीचा निघेल, असा आम्हांस भरवसा आहे.